नानांचा कातळ

त्या यंत्राला आमच्या घरी आई 'जावई' म्हणायची, कारण त्याचे लाडच तसे होते. त्याला धक्का लागलेला चालायचा नाही, आडवं निजवलेलं चालायचं नाही आणि गार पडलेलं तर मुळीच चालायचं नाही. त्याच्या पोटात ऊब कायम राहावी लागे, म्हणून रस्त्यावर असताना बॅटरी आणि घरी आणलं की देवघराशेजारचा आमचा एकच धड चालणारा प्लग त्याला द्यावा लागे. मग रेडिओ बंद. "आले का जावई? बसवा त्यांना कोपऱ्यात," असं म्हणत आई स्वतः पाट सरकवून द्यायची, आणि नाना वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "आता खऱ्या जावयाचंही बघा कुणीतरी."

मी तेव्हा भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचे रेगे सर मुंबईच्या पोटात काय दडलंय ते शोधायच्या मागे लागले होते आणि त्यासाठी हैदराबादच्या एका संशोधन संस्थेकडून त्यांनी एका हंगामापुरता हा गुरुत्वमापी मागून आणला होता. मुंबई काळ्या खडकावर वसलीय हे कुणीही सांगेल. पण सर म्हणायचे की त्याच्याही खूप खाली, जिथे कुठलीही सुरुंगाची पहार पोचणार नाही, तिथे आणखी जड असं काहीतरी आहे. ते बघता येत नाही, पण त्याची ओढ मोजता येते. पृथ्वी सगळीकडे सारखं ओढत नाही हे मला शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं. खाली जड खडक असला की ओढ किंचित वाढते, पोकळी असली की किंचित कमी होते. यंत्रात एका नाजूक स्प्रिंगला इवलंसं वजन टांगलेलं असतं. ओढ बदलली की ते वजन केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकं वर-खाली होतं, आणि भिंगातून बघणाऱ्याला प्रकाशाची एक बारीक रेघ सरकताना दिसते. ती रेघ चकती फिरवून पुन्हा जागेवर आणायची आणि चकतीवरचा आकडा वाचायचा. काम एवढंच. पण ते 'एवढंच' शिकायला मला अख्खी दिवाळीची सुट्टी लागली.

आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती बिरड्याचे वाल सोलत होती. भिजवून मोड आणलेल्या वालाची सालं काढताना एक बारीक 'फुट्ट' असा आवाज येतो, तो आमच्या घराचा रविवार सकाळचा आवाज. तिने सोलणं न थांबवता विचारलं, "म्हणजे मुंबईत माणूस जास्त भरतो?"

"अगदी इवलंसं, आई. चमचाभर तिळाएवढंही नाही."

"तरीच म्हटलं, मी खाते काय आणि वाढते किती!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी मजलाभर झाली आणि आमच्या गॅलरीतल्या बऱ्याच बायकांच्या वजनाला शास्त्राचा आधार मिळाला.

आम्ही गिरगावातल्या एका वाडीत राहायचो. तीन मजली चाळ, मधे फरसबंद अंगण, आणि अंगणाच्या तिन्ही बाजूंनी गॅलऱ्या. कॉलेजची प्रयोगशाळा शनिवारी दुपारी बंद होई आणि वीजही घालवून टाकत, म्हणून शनिवार-रविवार जावई आमच्याकडे असत. बाकीचे दिवस मी आणि सर टॅक्सीतून शहरभर. यंत्र माझ्या मांडीवर, खड्डा आला की मी ते दोन्ही हातांनी उचलून धरायची आणि सर टॅक्सीवाल्याला "भाईसाब, धीरे, धीरे, अंदर बच्चा है" असं सांगायचे. माझगावच्या टेकडीवरच्या बागेत आम्ही वाचन घेतलं, खाली गोदीत जहाजांवर हातोडे पडत होते आणि रेघ त्या ठोक्यांबरोबर थरथरत होती. चिंचपोकळीला तर गाडी गेली की थांबा, जमीन शांत झाली की वाका, तोवर दुसरी गाडी. सर माझ्या डोक्यावर, म्हणजे खरं तर यंत्राच्या डोक्यावर, काळी छत्री धरून उभे राहायचे. माझ्या डोक्याला ऊन लागलं तर त्यांची हरकत नसे.

लालबागला एका चाळीच्या पायरीवर मी अशीच गुडघे टेकून भिंगाला डोळा लावला होता. एक मावशी पाण्याची कळशी घेऊन येऊन उभी राहिली.

"काय गो बाय, सोनां शोधतंस काय?"

"नाही हो मावशी. जमीन किती ओढते ते बघतेय."

"मगे आमच्या घोवाक पण बघ गो. जमीन ओढताच असतली त्येका. खाटयेवरसून उठणा नाय तो."

नवऱ्याचं हे वर्णन ऐकून सरांच्या हातातली छत्री एवढी हलली की ते वाचन परत घ्यावं लागलं.

लोअर परळला एका गिरणीच्या भिंतीलगतही आमचं एक ठिकाण होतं. आता तिथे मॉल आहे. परवा भाची मला तिथे कॉफी प्यायला घेऊन गेली तेव्हा तिला म्हटलं, बरोबर या जिन्यापाशी मी रस्त्यावर बसून आकडे वाचलेत. तिने मोबाइल काढला आणि म्हणाली, "मावशी, यातही ओढ मोजणारी चिप असते." असते खरी, पण तिला आमच्या जावयाची सर नाही. आता तर दोन उपग्रह एकापाठोपाठ एक पृथ्वीभोवती फिरतात, आणि त्यांच्यातलं अंतर कसं कमी-जास्त होतं त्यावरून कुठल्या मुलखात जमिनीखालचं पाणी उपसून संपत आलंय, कुठला बर्फ वितळतोय ते कळतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आनंदाने घरात एकटीच हसले होते. अख्ख्या देशाच्या विहिरी आकाशातून दिसायला लागल्या! आणि मला एका विहिरीसाठी केवढा आटापिटा करावा लागला होता.

तीच गोष्ट सांगायचीय.

नाना फोर्टातल्या एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते आणि आमच्या चाळीच्या समितीचे कार्यवाह. ऑफिसातली कामं ते चोख करत, पण जीव चाळीत. त्या वेळी वरच्या मजल्यांना नळाचं पाणी चढत नसे. पहाटे बादल्यांचा खडखडाट आणि जिन्यावरची भांडणं यांनीच चाळ जागी व्हायची. नानांनी ठरवलं, अंगणाच्या मधोमध एक मोठी पक्की टाकी बांधायची आणि पंपाने पाणी वर चढवायचं. परवानग्यांसाठी ते ऑफिस सुटल्यावर इतके जिने चढले-उतरले की त्यांच्या चपला आईने दोनदा बदलून आणल्या. शेवटी सगळं जमलं. कंत्राटदाराने अंगणाच्या मध्यावरच्या दोन फरशा काढून पहार मारून पाहिली. कमरेएवढ्या खोलीवर ठण्ण आवाज आला. "कातळ आहे साहेब, कातळ! इथे हत्ती उभे करा." नाना त्या दिवशी ऑफिसातून येताना पेढे घेऊन आले. नंतर कितीतरी दिवस 'आमच्या अंगणात कातळ लागला' हे ते जो भेटेल त्याला सांगत. जसा काही तो त्यांनीच घालून ठेवला होता.

भूमिपूजनाआधीच्या सभेत मात्र तळमजल्यावरच्या बयोमावशी उभ्या राहिल्या. चाळीत सगळ्यांत वडीलधाऱ्या त्या आणि दाजीकाका, दोघंही याच चाळीत जन्मलेली. बयोमावशी म्हणाल्या, "तिथे टाकी बांधू नका रे. तिथे विहीर आहे. मलेरियाच्या वेळी डासांमुळे बंद केली. मी परकरी होते तेव्हा."

दाजीकाका खुर्चीतूनच म्हणाले, "बयो, तुझं काहीतरीच. विहीर होती ती मागल्या गल्लीत, आत्ता पिठाची गिरणी आहे तिथे. मला वडिलांनी बोट धरून दाखवलीय."

"तुला वडिलांनी बोट धरून शाळा पण दाखवली होती. गेलास का कधी?"

सभा हसत सुटली. नानांनी हसू आवरून सांगितलं की मावशी, तिथे कातळ लागलाय, कातळात विहीर कशी असेल, आणि पुढचा विषय घेतला. बयोमावशी बसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्या आमच्या उंबऱ्यावर वाल सोलायला येऊन बसल्या तेव्हा मला म्हणाल्या, "हसू देत गं. पण त्या टाकीच्या कठड्यावर उद्या पोरं चढून बसतील. पाण्याने भरलेली टाकी म्हणजे केवढं ओझं. खाली पोकळ असलं तर?"

मी सोललेला वाल हातात धरून तशीच बसले. खाली पोकळ असलं तर काय होतं, हे त्या चाळीत मोजू शकणारी एकटी मीच होते आणि मोजायचं यंत्र तीन हातांवर पाटावर बसलं होतं.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "सरावाला चांगलं आहे. घे वाचनं. पण विहिरीची खूण फार बारीक असते, कळलं का? जमिनीची उंची मोज, दर थोड्या वेळाने पहिल्या ठिकाणी परत येऊन यंत्र सरकलं नाही ना ते बघ. आणि चाळीच्या भिंती विसरू नकोस. भिंत वर असते, ती वरच्या बाजूला ओढते. तो सगळा हिशेब वजा कर आणि मग बोल. जे निघेल ते तुझं. मी येऊन साक्ष देणार नाही."

"का सर?"

"मी आलो तर लोक माझ्या टकलाचं ऐकतील. आकड्याचं कोण ऐकणार?"

गिरगावात जमीन शांत सापडायची तर ती रविवारी दुपारी. मटण नाहीतर सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी जेवून सगळं गिरगाव आडवं होतं, पंखे सोडले तर काही हलत नाही. मी सकाळीच अंगणात खडूने चौकटी आखून ठेवल्या होत्या. पोरांना वाटलं लगोरीचं काहीतरी नवं, तर त्यांना आईने जिन्यात बसवून चिवडा दिला. मग तिने गॅलरीतून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "विनू जमीन मोजतेय हो! मिक्सर लावू नका, कुटू नका, आपटू नका!" आणि खरंच कुणी काही आपटलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर घोरत होते त्यांना त्यांच्या बायकोने कुशीवर वळवलं. मी एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत गुडघ्यांवर सरकत होते. यंत्र ठेवायचं, स्क्रू फिरवून सपाट करायचं, रेघ थांबायची वाट बघायची, वाचायचं. दर थोड्या वेळाने जिन्याच्या दगडी पायरीवर परत यायचं, कारण चंद्र-सूर्यही आपापल्या बाजूने ओढत असतात आणि दिवसभरात पायरीवरचा आकडासुद्धा जागेवर राहत नाही. ते मला तेव्हा इतकं अद्भुत वाटायचं की पायरीवर परत येताना मी दर वेळी उगाचच वर बघायची. वर नाना गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे होते. ते झोपले नव्हते.

पुढचे दोन-तीन दिवस मी हिशेब करत बसले. आधी आकड्यांत काही अर्थच दिसेना. भिंतींजवळ ओढ कमी, मध्येही कमी, कुठे जास्त. भिंतींचं वजा करत गेले तसतशी कडेची गडबड निवळत गेली, आणि मधलं मात्र जाईना. पुन्हा केलं, तरी जाईना. चौकटींवर रेघा जोडल्या तेव्हा अंगणाच्या बरोबर मध्यावर एक गोल उमटला. नारळाच्या कवडीसारखा स्वच्छ गोल. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, कारण तो गोल नानांच्या टाकीच्या बरोबर खाली होता.

सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना सांगितलं.

"नाना, कातळाखाली पोकळी आहे."

त्यांनी बशी खाली ठेवली. "कंत्राटदार वीस वर्षं बांधकाम करतोय. त्याने पहार मारून पाहिलीय."

"पहार वरच्या दगडाला लागली. तो झाकणाचा दगड असेल."

"असेल! म्हणजे खात्री नाही."

"आकडे खात्रीचे आहेत."

"तुला बयोमावशींचं पटलं. बापाचं नाही."

"मला कुणाचंच पटलं नव्हतं, नाना. म्हणून तर मोजलं."

ते उठले, कोट घातला आणि डबा न घेता ऑफिसला गेले. आई डब्याकडे बघत म्हणाली, "आज बिरडं होतं गं त्यात." नाना बिरडं सोडून गेले म्हणजे प्रकरण किती गंभीर, ते मला कळलं.

यामागे आणखी एक गोष्ट होती आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत होती. नानांचं माझ्याबद्दल ठरलेलं होतं: बँक. परीक्षा मी पास झाले होते, मुलाखत व्हायची होती. दहा ते पाच, पंखा, खुर्ची, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. इकडे रेगे सरांनी हैदराबादला माझं नाव सुचवलं होतं. तिकडे गेले तर वर्षातले कितीतरी महिने जीपमधून यंत्र घेऊन फिरायचं, धरणांपाशी, डोंगरात, जिथे पाठवतील तिथे. नाना म्हणत, "मुलीच्या जातीने रानोमाळ हिंडायचं आणि काय शोधायचं, तर जे डोळ्यांना दिसतच नाही ते." आई यावर काही म्हणत नसे. ती फक्त जावयासाठी पाट सरकवून द्यायची.

समितीची सभा बोलवायला मी अध्यक्षांना सांगितलं. सगळे अंगणातच सतरंज्यांवर बसले. मी कागदावरचा तो गोल दाखवला, स्प्रिंगचं सांगितलं, भिंतींचं सांगितलं. कपाळावर आठ्या, दोन-चार जांभया. दाजीकाका म्हणाले, "विनू बेटा, तुझं यंत्र भारी आहे, पण ते गल्लीत नेऊन बघ. विहीर गल्लीत आहे." बयोमावशी म्हणाल्या, "गप रे." कुणीतरी मागून म्हणालं, काम आधीच लांबलंय, आता पोरीच्या अभ्यासासाठी पुन्हा खोदायचं का? मला वाटलं, सर आले असते तर.

तेव्हा नाना उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते म्हणाले, "कार्यवाह म्हणून मी ठराव मांडतो. कंत्राटदाराने तो दगड फोडून बघावा. खरं निघालं तर आपण मोठ्या संकटातून वाचलो. खोटं निघालं तर एक दगड फुटला, एवढंच." सभेने हात वर केले. मग खाली बसताना ते माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "आणि खोटं निघालं तर हे खूळ सोडायचं. मुलाखतीला जायचं आणि बँकेत बसायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. आकडा आकडाच होता. मी तो तीनदा करून पाहिला होता.

शनिवारी सकाळी कंत्राटदाराचे गडी आले. सगळी चाळ गॅलऱ्यांत. शाळेला सुट्टी नव्हती, पण कुठलंही पोर शाळेत गेलं नव्हतं. फरशा निघाल्या, मुरूम उपसला आणि काळा दगड उघडा पडला. कंत्राटदाराने विजयाने माझ्याकडे पाहिलं, "हा बघा ताई, कातळ." मी खड्ड्यात उतरले आणि हाताने माती बाजूला करत गेले. एका बाजूला दगड संपला. त्याची कड सरळ होती. छिन्नीने घडवलेली, अगदी आमच्या जिन्याच्या पायरीसारखी. शेजारी दुसरा तसाच दगड, मध्ये चुन्याची रेघ. कातळाला कुणी कड घडवत नाही. कंत्राटदाराने गड्याला फक्त मान हलवून खूण केली. घणाचे घाव पडायला लागले. सुरुवातीला ठण्ण, ठण्ण. मग आवाज बदलला. खाली रिकामा पिंप असावा तसा घुमायला लागला. वरच्या गॅलरीतून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. आणखी एक घाव, आणि दगडाचा कोपरा तुटून आत गेला. क्षणभर काहीच नाही. मग खोल आतून आवाज आला, 'डुबुक'.

मी माझ्या आयुष्यात पुढे पुष्कळ ठिकाणी मोजमापं केली, धरणांच्या पायथ्याशी, ज्वालामुखीच्या जुन्या मुखांवर, पण त्या 'डुबुक'च्या तोडीचा निकाल मला पुन्हा कधी ऐकायला मिळाला नाही. आतून गार हवेचा एक झोत आला, ओल्या दगडाचा वास असलेला. मग चाळ जी ओरडली! पोरं उड्या मारायला लागली, त्यांना बायकांनी मागे खेचलं, कारण आता सगळ्यांनाच आपण पोकळीच्या काठावर उभे आहोत हे कळलं होतं. बयोमावशी काठी टेकत पुढे आल्या, आत डोकावल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "हीच गं," एवढंच म्हणाल्या. दाजीकाकांनीही आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "मग गल्लीतली दुसरी असेल."

मी नानांना शोधत होते. ते नव्हते. ते जिन्याने वर जाताना मला त्यांची पाठ दिसली आणि माझा सगळा आनंद मावळला. त्यांनी ज्या जागेसाठी चपला झिजवल्या ती जागा त्यांच्याच मुलीने चाळीसमोर खोटी ठरवली होती. मी खड्ड्यातून वर येऊन मातीच्या हातांनी तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने ते खाली आले. अंगात धुतलेला सदरा, हातात हळदकुंकवाचं तबक, तबकात भूमिपूजनासाठी आणून ठेवलेला नारळ. त्यांनी विहिरीच्या कडेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात कंत्राटदाराला म्हणाले, "टाकी तिकडे, पूर्वेच्या भिंतीजवळ. आणि पाया घालण्याआधी माझी मुलगी तिथे मोजेल. तिने 'हो' म्हटलं तरच."

मग खोबऱ्याचा एक तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला. "कातळ म्हणे," ते पुटपुटले, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो ते थांबेचना.

सोमवारी बातमी कळली तेव्हा रेगे सरांनी माझी पाठ थोपटली नाही. ते म्हणाले, "छान. आता विहीर उघडी आहे तेवढ्यात खोली मोज, आणि तुझ्या आकड्यांवरून तेवढीच खोली येते का बघ." म्हणून पुढच्या रविवारी जावई पुन्हा आमच्याकडे. विहिरीभोवती कठडा उभा राहिला होता, वर जाळी बसायची होती, आणि चाळीच्या बायका आतलं पाणी धुण्याला घ्यायचं की आधी तपासून घ्यायचं यावर वाद घालत होत्या. माझं काम आटोपलं. चहाची वेळ झाली होती. मी जिन्याच्या पायरीवर शेवटचं वाचन घेत होते तेवढ्यात नाना येऊन शेजारच्या पायरीवर बसले.

"मला दिसेल का त्यातलं?"

इतक्या दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. मी सरकले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पायरीवर गुडघा टेकला आणि भिंगाला डोळा लावला. मी त्यांना रेघ कुठे बघायची ते सांगितलं.

"दिसली," ते म्हणाले. "पण ती जागेवर कुठे आहे? सरकतेय."

"पाय हलवू नका, नाना. थांबेल."

"मी हललेलो नाही. ती बघ, गेली... गेली... आता परत यायला लागली."

मी त्यांना बाजूला करून पाहिलं. रेघ सावकाश एका टोकाला जात होती आणि तितक्याच सावकाश दुसऱ्या टोकाला येत होती. चाळीत कुणी चालत नव्हतं. चाललं असतं तर रेघ थरथरली असती, अशी झुलली नसती. मला सरांनी हे सांगून ठेवलं होतं, पण मी कधी पाहिलं नव्हतं.

"नाना, कुठेतरी लांब भूकंप झालाय. खूप मोठा आणि खूप लांब. जमीन वर-खाली होतेय."

"आपली जमीन? इथली?"

"इथलीही. सगळीकडची. आपल्याला कळत नाही एवढंच."

त्यांनी पायरीवर तळहात ठेवून पाहिला. मग चाळीकडे बघितलं. गॅलरीत धुणं वाळत होतं, कुणाकडे तरी रेडिओवर नाट्यसंगीत चालू होतं, पोरं कठड्याभोवती पकडापकडी खेळत होती. काहीच हलत नव्हतं. ते पुन्हा वाकले आणि भिंगाला डोळा लावला. आई चहा घेऊन आली, कप पायरीवर ठेवला. ते उठले नाहीत. चहावर साय धरली तरी उठले नाहीत. मध्येच म्हणत, "आली... गेली..." देवापुढची घंटा हलताना लहान मूल बघतं तसं ते बघत होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळी आल्या, कुठल्याशा दूरच्या महासागरात, वस्ती नसलेल्या ठिकाणी मोठा भूकंप, हानी नाही. नानांनी ती बातमी ऑफिसात सगळ्यांना दाखवली आणि 'हे मला काल संध्याकाळीच माहीत होतं' म्हणून सांगितलं.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी रेघ हळूहळू शांत झाली, तसे नाना उठून बसले. गुडघा चोळला, चष्मा लावला, गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग आईकडे कप देताना, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"विनू, त्या हैदराबादला मासे मिळतात का गं?"

मला खरंच माहीत नव्हतं. आई कप हातात घेऊन जिना चढायला लागली होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"न मिळायला काय झालं? नाही मिळाले तर मी सोडे बांधून देईन," ती म्हणाली. "सोड्यांना काही होत नाही प्रवासात."